सहा मित्र, तीन चटया आणि डेलाकोर्टची रांग

रांगेतल्या प्रत्येकाला जास्तीत जास्त दोन तिकिटं मिळतात. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये, डेलाकोर्ट नाट्यगृहात, उन्हाळ्यातलं फुकट नाटक मित्रमंडळींसोबत पाहायचं असेल तर सगळं गणित या एका नियमापासून सुरू होतं. सहा जण असाल तर सकाळी तिघांनी रांगेत बसायचं. उरलेले तिघे दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी थेट नाटकाला येतात. पाच जण असले तरी तिघंच लागतात, एक तिकीट उरतं, आणि त्या तिकिटावर हक्क सांगणारा सहावा माणूस दुपारपर्यंत आपोआप उगवतो.

बहुतेक ग्रुप चुकतात ते इथेच. ‘एक जण जाऊन बसेल, बाकीचे अकराला येऊन त्याच्याजवळ उभे राहतील’ ही आपल्याकडची रीत इथे चालत नाही. ज्याला तिकीट हवं त्याने रांगेत लागल्यापासून रांगेतच राहायचं. मागाहून आलेल्याने रांगेच्या शेवटी जायचं, मग त्याचा सख्खा भाऊ पहिल्या नंबरवर का असेना. स्वच्छतागृहात जाऊन आलात, पाय मोकळे करून आलात, तर हरकत नसते. चटई आणि पिशवी ठेवून तासभर गायब झालात तर शेजारचेच तक्रार करतात, आणि करावीच. तिथे पाचच्या ठोक्याला येऊन बसलेली माणसं असतात.

हे नाटक फुकट आहे यामागे एक भांडण आहे, आणि रांगेत बसल्यावर ते आठवायला बरं वाटतं. जोसेफ पॅप नावाच्या माणसाने 1950च्या दशकात शेक्सपिअरची नाटकं लोकांना मोफत दाखवायला सुरुवात केली. 1959 मध्ये शहराच्या उद्यानांचे सर्वेसर्वा रॉबर्ट मोझेस यांनी अट घातली: प्रेक्षक बसून गवत खराब होतं, जमीन झिजते, तेव्हा तिकीट लावा आणि त्या पैशातून भरपाई द्या. पॅपने तिकीट लावायला नकार दिला, प्रकरण कोर्टात गेलं आणि वरच्या कोर्टात पॅप जिंकला. पुढे जॉर्ज डेलाकोर्ट या प्रकाशकाच्या देणगीतून पक्कं नाट्यगृह उभं राहिलं आणि 1962 मध्ये सुरू झालं. पॅपची संस्था आज ‘पब्लिक थिएटर’ म्हणून ओळखली जाते आणि डेलाकोर्टचे प्रयोग तीच करते.

नाट्यगृहात साधारण 1,800 जागा आहेत. आकडा ऐकून हायसं वाटतं, पण सगळ्या जागा या रांगेला मिळत नाहीत. काही मोबाइलवरच्या सोडतीत जातात, काही लाफायेट स्ट्रीटवरच्या पब्लिक थिएटरच्या इमारतीतल्या सोडतीत, काही शहराच्या पाचही बरोंमध्ये, म्हणजे विभागांमध्ये, ठरावीक दिवशी वाटल्या जातात, काही देणगीदारांकडे जातात. क्वीन्समध्ये राहणाऱ्यांनी बरोंमधल्या वाटपाच्या तारखांवर लक्ष ठेवावं. मॅनहॅटनला पहाटे जाण्यापेक्षा घराजवळच्या वाचनालयाबाहेर किंवा समाजमंदिराबाहेर उभं राहणं कधीही सोपं. या तारखा आणि सोडतीचे नियम दरवर्षी थोडे बदलतात. मागच्या वर्षीचा व्हॉट्सॲप संदेश पुढे ढकलू नका, थिएटरच्या संकेतस्थळावर त्या हंगामाचं पान उघडून बघा.

मोबाइलवरच्या सोडतीत सहाही जणांनी आपापल्या नावाने भाग घ्यायचा. फुकट आहे, दोन मिनिटांचं काम आहे, आणि जिंकणाऱ्याला दोन जागा मिळतात. फक्त निकालावर विसंबून रांग सोडू नका. नाव लागलं तर ठरलेल्या थोड्या वेळात होकार कळवावा लागतो आणि तिकिटं घेताना फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. निकाल दुपारच्या सुमाराला येतो, आणि नेमका तेव्हा फोन मेलेला असतो, कारण सकाळी सहापासून त्यावर क्रिकेट चाललेलं असतं. तिघांमागे एक भरलेली पॉवर बँक आणि दोन वायर एवढं पुरतं.

आता वेळेचं. पार्क सकाळी सहाला उघडतं. त्याआधी आलेल्यांची रांग बाहेर फुटपाथवर, सेंट्रल पार्क वेस्ट आणि 81व्या स्ट्रीटच्या कोपऱ्यापाशी लागते. सहाला ती शिस्तीत आत नेली जाते आणि नाट्यगृहापासून पायवाटेच्या कडेने पसरते. तिकीटवाटप दुपारी बाराला. किती वाजता पोचायचं याला एकच उत्तर नाही. नाटक नुकतंच लागलंय, परीक्षणं अजून छापून यायचीत, मंगळवार-बुधवार आहे, आभाळ भरलंय, अशा दिवशी आठला आलेल्यालाही आशा असते. शनिवार, शेवटचा आठवडा किंवा पोस्टरवर मोठं नाव असेल तर सहाच्या आधी या. 2001 मध्ये मेरिल स्ट्रीप आणि केव्हिन क्लाइन ‘द सीगल’मध्ये होते, तेव्हा लोक रात्रभर फुटपाथवर पथारी टाकून होते. 2010 मध्ये अल पचिनो ‘द मर्चंट ऑफ व्हेनिस’मधला शायलॉक करत होता तेव्हाही तीच गत. 2023च्या हंगामानंतर नाट्यगृह दुरुस्तीसाठी बंद होतं. ऑगस्ट 2025 मध्ये ते ‘ट्वेल्फ्थ नाइट’ने पुन्हा उघडलं, त्यात ल्युपिटा न्योंगो, सँड्रा ओ आणि पीटर डिंकलेज होते. अशा वेळी रांगेचा अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नये, शक्य तितक्या लवकर यावं.

रांगेत थिएटरची माणसं फिरत असतात आणि एका ठिकाणानंतर स्पष्ट सांगतात की इथून पुढे मिळण्याची शक्यता कमी आहे. त्यांचं ऐका. त्यांनी हे रोज पाहिलेलं असतं. आपले लोक ‘बघू, काहीतरी होईल’ म्हणून बसून राहतात आणि साडेबाराला रिकाम्या हाताने उठतात. 65 वर्षांवरच्यांसाठी आणि अपंगांसाठी वेगळी रांग असते. भारतातून आई-बाबा आलेले असतील तर हे लक्षात ठेवा. त्यांना बसायला बाक मिळतो, आणि त्या रांगेतले आजी-आजोबा गप्पांना एकदम तयार असतात.

पोचायला पश्चिमेकडून सोपं. सबवेच्या बी किंवा सी गाडीने ‘81 स्ट्रीट – म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरी’ला उतरायचं, रस्ता ओलांडला की पार्क, आत पाच-सात मिनिटांची चाल. बी गाडी शनिवार-रविवारी नसते. दर शनिवारी कोणीतरी तिची वाट पाहत फलाटावर वीस मिनिटं घालवतं. पूर्वेकडून येणाऱ्यांनी 6 नंबरच्या गाडीने 77व्या स्ट्रीटला उतरून फिफ्थ ॲव्हेन्यू आणि 79व्या स्ट्रीटवरून आत यावं. न्यू जर्सीतल्या एडिसन, मेट्रोपार्क भागातून येणाऱ्यांना पेन स्टेशनवरून सी गाडी थेट मिळते. जर्सी सिटीवाल्यांनी पाथ रेल्वेने 33व्या स्ट्रीटला यावं आणि हेराल्ड स्क्वेअरवरून बी पकडावी, अर्थात आठवड्याच्या दिवशी. पहाटे जर्सीहून येणं जिवावर येतं. म्हणून रांगेत बसणाऱ्या तिघांची निवड पत्ता बघून करा, उत्साह बघून नको. मॅनहॅटन-क्वीन्समधले सकाळी बसतील, जर्सीवाले संध्याकाळचा डबा आणतील. ही वाटणी आदल्या दिवशीच पक्की करावी.

रांगेतल्या सामानाबद्दल. सकाळी सहाला गवत दवाने चिंब असतं. नुसती सतरंजी टाकली तर दहा मिनिटांत खालून ओल वर येते आणि मग दुपारपर्यंत सगळे पार्श्वभागाला हात लावून उभे असतात. खाली प्लॅस्टिकचा कागद किंवा शॉवरचा जुना पडदा, वर सतरंजी. माणशी एक योगा मॅट आणली तरी भागतं. रांग पुढे सरकते तेव्हा एका हाताने उचलून चालता यावं एवढंच सामान ठेवा. घडीच्या मोठ्या खुर्च्या आणणाऱ्यांचे बाराला हाल होतात, कारण त्या नंतर रात्रीपर्यंत वागवायच्या असतात. टोपी हवी. पार्कमध्ये झाडं आहेत, पण सावली तुमची चटई बघून पडत नाही. आठला सावलीत असलेली जागा साडेदहाला उन्हात येते. जुलैत 32-33 अंश आणि वर दमट हवा म्हणजे मुंबईच्या मे महिन्याची आठवण. दुपारपर्यंत माणशी एक लिटर पाणी लागतं. बाटली भरायला पार्कात नळ आहेत. स्वच्छतागृह नाट्यगृहाला लागूनच आहे, सकाळी आठनंतर तिथेही एक रांग तयार होते.

खाण्याचा विषय थोडा सविस्तर घ्यायला हवा. डबा दोनदा लागतो, एकदा रांगेत आणि एकदा संध्याकाळी, आणि संध्याकाळचा डबा सकाळी केलेला असेल तर त्याने बारा तास उन्हात काढलेले असतात. त्यामुळे ओलं खोबरं वर्ज्य. दडपे पोहे कितीही मोहात पाडोत, दुपारच्या आत संपणार असतील तरच न्यावेत. कच्चा कांदाही बंद डब्यात चार तासांनी वास मारतो. प्रवासाचं जुनं खाणं इथे कामी येतं: दशम्या. सहा जणांना दोन वेळा पुरतील अशा 26-27 दशम्यांना पाऊण किलो कणीक, साधारण 450 मिलिलिटर दूध, दोन मोठे चमचे तेल आणि मीठ. पाण्याऐवजी दुधात भिजवल्यामुळे त्या दिवसभर मऊ राहतात. भाजल्यावर ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या आणि मगच डब्यात भरा. घाईत गरम भरल्या तर झाकणाला वाफ धरते, ते पाणी खाली गळतं, मधल्या दशम्यांचा लगदा होतो, आणि दोष मात्र पिठाला दिला जातो. सोबत लसणाची सुकी चटणी, शेंगदाण्याची चटणी, बटाट्याची कोरडी भाजी. लोणचं वेगळ्या घट्ट बाटलीत, ती बाटली आणखी एका पिशवीत.

सकाळच्या रांगेसाठी दहीभात मात्र उत्तम, फक्त दह्यात कालवून नेऊ नका. दोन वाट्या तांदळाचा मऊ भात कोमट असताना त्यात तीन वाट्या दूध आणि चमचाभरच दही घालायचं, वर मिरची-मोहरीची फोडणी. पहाटे पाचला कालवलेला भात अकरा-साडेअकराला बरोबर लागतो, गोडसर आणि गार वाटणारा. दह्यातच कालवलेला असता तर तोवर तो आंबट ढाण झाला असता. काचेची भांडी, बाटल्या आणू नका. पार्कमध्ये दारू आणि धूम्रपान दोन्हींना बंदी आहे. नाट्यगृहातल्या स्टॉलवर बीअर-वाइन विकत मिळते, ती तिथेच प्यायची.

बाराला तिकिटं हातात आली की आठपर्यंत आठ तास रिकामे. हे आठ तास नीट वापरले नाहीत तर तिसऱ्या अंकात घोरणं ऐकू येतं, हे गमतीत घेऊ नका. पाचला उठलेला माणूस रात्री नऊला अंधारात गार वाऱ्यात बसला की झोपतोच. त्यामुळे रांगेत बसलेल्यांनी दुपारी वामकुक्षी घ्यावी. जवळ घर असेल तर घरी, नसेल तर ग्रेट लॉन या मोठ्या हिरवळीच्या कडेच्या झाडाखाली. पाऊस होऊन गेला असेल तर ग्रेट लॉन बंद असतं, लाल झेंडा दिसला की पायवाटेच्या कडेने जागा शोधायची. चालायची हौस असेल तर नाट्यगृहाच्या बाजूलाच टेकडीवर शेक्सपिअर गार्डन आहे, त्याच्या लिखाणात आलेली झाडं-फुलं तिथे लावली आहेत आणि पाट्यांवर ओळी दिल्या आहेत. पूर्वेला मेट म्युझियम, पश्चिमेला नॅचरल हिस्टरी, दोन्ही दहा-पंधरा मिनिटांवर.

दुपारच्या वेळात आणखी एक काम उरकावं: कथानक वाचून घ्या. शेक्सपिअरची इंग्रजी कानावर पडताच समजत नाही, आणि यात लाजण्यासारखं काही नाही; शेजारी बसलेल्या अमेरिकनालाही ती पूर्ण समजत नसते. पंधरा मिनिटांत पात्रांची नाती आणि पहिल्या दोन अंकांची गोष्ट डोक्यात बसवली की पुढचं नट सांभाळतात. मराठीत वाचायची सोय असेल तर दुधात साखर. विंदा करंदीकरांचा ‘राजा लिअर’ किंवा शिरवाडकरांचा ‘राजमुकुट’, म्हणजे मॅकबेथ, आदल्या आठवड्यात वाचून गेलेला माणूस मूळ ओळ ऐकताच सावरून बसतो. ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या प्रयोगात जुळे बहीण-भाऊ मधेच स्वाहिलीत बोलायचे आणि प्रेक्षकांना ते अडत नव्हतं. ज्यांना ऐकायला त्रास आहे त्यांच्यासाठी काही ठरावीक प्रयोगांना अक्षरं दाखवली जातात, काहींना खुणांच्या भाषेचे दुभाषे असतात. तारखा आधी बघून ठेवा.

संध्याकाळी सातपर्यंत सगळ्यांनी नाट्यगृहाबाहेर जमावं. तिकिटं तिघांच्या हातात असतात, त्यामुळे उशिरा येणारा मित्र म्हणजे बाहेर अडकलेला एक माणूस आणि त्याच्यासाठी दाराशी ताटकळणारा दुसरा. जागा क्रमांकाच्या असतात. रांगेत पाठोपाठ बसलात म्हणून सहाही जागा सलग मिळतीलच असं नाही. जोड्या जोड्यांनी विखुरण्याची तयारी ठेवा आणि कोण कोणाशेजारी ते आत शिरण्यापूर्वीच ठरवा. एरवी हे वाटाघाटींचं सत्र आसनांच्या मधल्या वाटेत भरतं. रंगमंच प्रेक्षकांमध्ये पुढे आलेला आहे, त्यामुळे अगदी कडेच्या जागांवरून कधीकधी नटांच्या पाठी दिसतात. आवाज माइकवरून येत असल्याने ऐकू सगळीकडून नीट येतं. दुरुस्तीनंतरचं इमारतीचं बाहेरचं लाकूड बघून घ्या. न्यूयॉर्कच्या गच्च्यांवरच्या जुन्या पाण्याच्या टाक्यांचं रेडवूड तिथे वापरलं आहे.

आपल्यासारखी तिसरी घंटा होत नाही आणि मध्यंतरात बटाटेवडाही नाही. काही प्रयोगांना तर मध्यंतरच नसतं, तेव्हा स्वच्छतागृहाचा विचार आठच्या आधी करा. जूनच्या मध्यात सूर्य साडेआठला मावळतो, ऑगस्टच्या मध्यात आठला. म्हणजे पहिला प्रवेश उजेडात, दुसरा-तिसरा संधिप्रकाशात, आणि मग मागचं टर्टल पाँड हे तळं आणि बेल्वेडेअर किल्ला काळोखात जातात. प्रकाशयोजना तोवर फार काही करू शकत नाही. पहिली वीस मिनिटं नाटक सपाट वाटलं तर दिग्दर्शकाला लगेच नावं ठेवू नका. वरून विमानं जातात, हेलिकॉप्टर जातं, नट अर्धा श्वास थांबून वाक्य पुढे नेतात. कधी रॅकून नावाचा प्राणी रंगमंचावरून आरामात चालत जातो आणि त्या क्षणी 1,800 माणसं त्याच्याकडेच बघत असतात. उरलेला डबा खुर्चीखाली उघडा ठेवू नये तो याच पाहुण्यामुळे.

तळ्यामुळे डास असतात, म्हणून पायघोळ पँट आणि डासांचं मलम. जूनमध्ये दिवस उकडला तरी रात्री 17-18 अंशांपर्यंत उतरतं आणि तळ्यावरून वारा येतो. एक पातळ जॅकेट किंवा शाल असू द्या. शालीचा दुसरा उपयोग उशी म्हणून.

पावसाबद्दल सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. आभाळ कितीही काळं असलं तरी आठच्या आधी प्रयोग रद्द होत नाही. रिमझिम असेल तर नाटक चालू राहतं, जोर वाढला तर थांबवतात, ओसरला की फळ्या पुसून पुन्हा सुरू. थांबवायची कारणं दोन: ओल्या फळ्यांवर नट घसरतात आणि अंगावरचे माइक भिजतात. वीज चमकू लागली तर मात्र काही खरं नाही. छत्री उघडू देत नाहीत, मागच्याला दिसत नाही म्हणून. तेव्हा टोपीचा रेनकोट, माणशी एक, दोन डॉलरचा प्लॅस्टिकचाही चालतो. रद्द झालेल्या प्रयोगाच्या बदल्यात दुसरं तिकीट मिळेल असं धरून चालू नका.

याच पावसाचा फायदा उठवणारे लोकही आहेत. संध्याकाळी नाट्यगृहापाशी राखीव रांग लागते. जे आले नाहीत त्यांच्या जागा प्रयोगाच्या तोंडावर तिला मिळतात. हवामान खात्याने पाऊस सांगितला की सोडतीत जिंकलेले घरी बसतात आणि ही रांग भराभर सरकते. दोघंच असाल, रेनकोट असेल, आणि नाही मिळालं तर चिडचिड होणार नसेल, तर हा जुगार खेळावा. सहा जणांनी मात्र खेळू नये. दोन जागा मिळाल्या तर आत कोण जाणार यावरून मैत्री तुटायची.

आणि पहाटे उठणं अजिबात जमणार नसेल तर तिकीटच नसलेली नाटकं बघा. न्यूयॉर्क क्लासिकल थिएटर उद्यानांमध्ये प्रवेशागणिक जागा बदलत नाटक करतं आणि प्रेक्षक नटांमागे चालत जातात. तिथे खुर्ची नको, मोठी सतरंजी नको, पाठीवर एक पिशवी आणि गवतावर फतकल मारायची तयारी पुरे. पुढे बसायचं असेल तर नट निघाले की त्यांच्या मागोमाग लगेच उठा. मागे राहिलात तर पुढचा प्रवेश डोक्यांच्या फटीतून बघावा लागतो. हडसन क्लासिकल रिव्हरसाइड पार्कमध्ये 89व्या स्ट्रीटच्या सैनिक स्मारकापाशी करतं. तिथे बसायला दगड आहे, दोन तास बसायचं तर उशी हवीच. शेवटी टोपी फिरते, सुट्टे डॉलर जवळ ठेवा.

डेलाकोर्टचा प्रयोग सुटला की बहुतेक गर्दी 81व्या स्ट्रीटकडे वळते. पार्क रात्री एकपर्यंत उघडं असतं, तरी दिव्यांच्या वाटेने, गर्दीसोबतच बाहेर पडा. रात्री उशिरा सी बंद होते, तेव्हा ए गाडी त्याच मार्गावर सगळी स्थानकं घेत जाते. जर्सीवाल्यांनी पेन स्टेशनवरच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा नाटकाआधीच लिहून ठेवाव्यात. नाटकावरचं भांडण फलाटावर उभं राहूनही करता येतं.